अर्धं बाक माझं

१

सकाळी ऑफिसात पाय ठेवला, तर आमच्या विभागातले चौघे एका फोनवर डोकी घालून खिदळत होते. मला बघताच फोन टेबलावर पालथा झाला. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात माझी हयात गेली आहे. फोन पालथा घालणाऱ्या माणसाचा चेहरा मला चांगला वाचता येतो.

"द्या इकडे," मी म्हटलं.

फोनवर माझी भाची गात होती.

गाणं तेच, जे गेलं वर्षभर दुकानांत, बसमध्ये आणि दातांच्या दवाखान्यातसुद्धा ऐकू येत होतं. ‘अर्धं बाक तुझं, अर्धं बाक माझं.’ शाळकरी पोरांची एक विनोदी मालिका आहे. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी एकाच बाकावर बसतात, मध्ये खडूची रेघ ओढतात आणि भागभर भांडतात. शेवटी दोघं हे गाणं म्हणतात. मुलाला सगळे हिरोच म्हणतात. मुलगी म्हणजे आमची टिटवी. पाळण्यात असताना तिच्या आवाजाने शेजारी जागे व्हायचे, तेव्हापासून हे नाव पडलं. आता ती सोळा वर्षांची आहे.

मला सुरातलं ओ की ठो कळत नाही. पण त्या तुकड्यात मागे वाजंत्री एकीकडे चालली होती आणि पोरीचा आवाज भलतीकडे. ऐकून माझेसुद्धा दात आंबले. वर कोणीतरी मथळा दिला होता, ‘बाकावरची बेसूर’. पुढे हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग होती आणि जगातले सगळे रिकामटेकडे आपापली अक्कल पाजळत होते. हिला कोणी घेतली, हिच्या आईबापांनी कोणाचे पाय धरले, हिचं तोंड शिवा. सोळा वर्षांच्या पोरीला! अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तडक दादाच्या घरी गेले.

वहिनीने टिटवीचा फोन कुकरमध्ये घालून झाकण लावलं होतं. टिटवी पलंगावर बसून घरातल्या सगळ्या मोज्यांच्या जोड्या लावत होती. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"निर्मातीबाईंचा फोन आला होता," वहिनी म्हणाली. "गोड बोलत होत्या. म्हणे, बाळाला थोडी विश्रांती द्या. शुक्रवारी गाणं नव्याने करणार. हिचा भाग वेणी म्हणेल. आणि जुनी रेकॉर्ड सगळीकडून काढून ही नवी लावणार."

वेणी म्हणजे मालिकेत टिटवीच्या मैत्रिणीचं काम करणारी मुलगी. म्हणजे शुक्रवारनंतर हे गाणं जगात जिथे वाजेल तिथे टिटवी नसणार. उरणार फक्त तो तुकडा.

"आत्या," टिटवीने मान वर केली नाही. "मी बेसूर गायले नाही."

"बाळा, मी ऐकलं ग ते."

"म्हणजे तूसुद्धा?"

त्या दोन शब्दांनी मी जमिनीवर आले. दुकान जळालेल्या माणसाशी मी कधी असं बोलत नाही. मी पलंगावर बसले आणि एक मोजा हातात घेतला. "बरं. तुझं मत नको. काय पाहिलंस आणि काय ऐकलंस, तेवढंच सांग."

तिने सांगितलं. रविवारी प्रेक्षकांसमोर खास भाग होता. पहिल्यांदाच दोघं तोंड हलवायच्या ऐवजी खरोखर गाणार होती. घरच्यांना बघून मुलं बावरतात, असं संगीतकार मास्तरांचं म्हणणं पडलं, म्हणून घरच्यांना पास नव्हते. प्रेक्षकांचे फोन दाराशीच जमा केले होते. दोघांच्या दोन्ही कानांत बोंडं बसवली होती. त्यातून मागचं संगीत ऐकू येतं आणि बाहेरचं काही येत नाही.

"कानात सगळं नेहमीसारखंच होतं. हिरो तर इतका सुंदर गायला! शेवटचा ‘थांब ना’ त्याने असा वर नेला, इतका स्वच्छ, की माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या रांगेतले लोक हसत होते." तिने पुढचा मोजा उचलला. "मला वाटलं, त्यांना आवडलं."

माझ्या हातातला मोजा मी इतका पिळला की त्याचा शिवणीचा दोरा तुटला.

२

टायरच्या गोदामामागे त्यांचा स्टुडिओ आहे, दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. आत शिरलं की तीन भिंतींचा वर्ग लागतो. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे. मधोमध ते प्रसिद्ध बाक. खडूची रेघ पुसली जाते, म्हणून तिथे पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलाय. त्याच्या डाव्या अंगाला टिटवीने कर्कटकाने कोरलेली छोटीशी चोच मला दिसली. मला राग आला.

आवाजाच्या खोलीत कानसेन बसला होता. ध्वनियंत्रणा तो सांभाळतो आणि त्याला सगळे याच नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत तो फिस्कारला, "ताई, तुम्हीही मलाच विचारायला आलात ना? तो तुकडा मी बाहेर सोडलेला नाही!"

"मग कोणी?"

"प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा जमा होतो. हिरोचा वेगळा, टिटवीचा वेगळा, वाद्यं वेगळी. संगणकातली ती पेटी तिघांना उघडता येते. मी, मास्तर आणि बाई. बाईंना नुसतं उघडून ऐकता येतं असं नाही, कापणं-जोडणंही चांगलं येतं. पूर्वी त्या संकलक होत्या."

"आणि गाणं बेसूर होतंय, हे तुम्हाला कळलं नाही?"

त्याने खुर्ची गर्रकन माझ्याकडे फिरवली. "पहिल्या ओळीला कळलं! मी मास्तरांकडे बघितलं. त्यांनी हाताने खूण केली, चालू दे. हॉल भरलेला, मी कोण थांबवणार? पण ताई, एक सांगू? बेसूर माणूस कसा असतो, कधी वर जातो, कधी खाली घसरतो. पोरगी शेवटपर्यंत सारख्याच मापाने वर होती. असली नेटकी बेसूर मी जन्मात ऐकली नाही."

"तिच्या कानात तुम्ही काय सोडलं होतं?"

"मास्तरांनी दिलं ते. गाण्याच्या बाबतीत कानातलं मास्तरच देतात, मी फक्त जोडतो. एरवी शूटिंगला जुनी रेकॉर्ड असते, तोंड हलवायला. रविवारी काय दिलं, ते मी ऐकलं नाही. कामाच्या गर्दीत प्रत्येकाच्या कानात कोण डोकावणार?"

मी उठले. दारातून सहज म्हणून म्हटलं, "हिरोचा शेवटचा सूर मात्र छान लागला म्हणे. अगदी वर गेला."

कानसेन माझ्याकडे बघतच राहिला. "कोण म्हणालं? तो वर गेलाच नाही. शेवटचा ‘थांब ना’ त्याने खालीच संपवला. घसा बसलाय असं प्रेक्षकांना आधीच सांगितलं होतं, तरी आम्ही सगळे चाट पडलो होतो."

दोन माणसं एकाच मंचाबद्दल बोलत होती. एकीच्या अंगावर काटा आणणारा सूर, दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे, कोणी लावलेलाच नव्हता.

३

खोटं कोण बोलत होतं? कानसेनला खोटं बोलून मिळणार काय? त्याच्यावर संशय होता ते खरं, पण संशयित माणूस स्वतःहून ‘पोरगी नेटकी होती’ असं कशाला सांगेल? आणि टिटवी खोटं बोलतच असेल, तर ती स्वतःची तारीफ करेल, हिरोची नाही.

रंगभूषेच्या खोलीत वेणी आरशासमोर गुणगुणत होती. मला बघून तिचा चेहरा पडला.

"मी काही चोरलेलं नाही हं काकू," ती म्हणाली. "मला सांगितलं म्हणून मी गातेय."

"अगं, मी कुठे काय म्हटलं? तयारी झाली का, एवढंच विचारायला आले. शुक्रवार काय, उद्यावर आलाय."

"झाली ना. मास्तरांनी गेल्या आठवड्यातच बसवून घेतलं."

"गेल्या आठवड्यात?" माझा आवाज चढू नये म्हणून मी जीभ दातांत धरली. "म्हणजे रविवारच्या आधी?"

तिने कंगवा खाली ठेवला. आपण काहीतरी बोलून गेलो हे तिला कळलं, पण काय ते कळलं नाही. "हाताशी एक गाणारी असावी, म्हणाले. टिटवीला उगाच वाईट वाटेल, म्हणून बोलू नकोस म्हणाले. मला आधी वाटलं जमणार नाही, टिटवीइतका वरचा आवाज माझा नाहीच. पण मास्तरांनी माझ्या गळ्याला पेलेल असं शिकवलं."

"म्हणून दाखव की एक ओळ." मी फोन पुढे धरला. मुलगी भोळी होती. तिने अख्खं कडवं म्हटलं.

तेवढ्यात दारात हिरो आला. गळ्याभोवती मफलर आणि हातात गरम पाण्याचा थर्मास. मी म्हटलं, "काय रे, टिटवीला एक फोन करावासा नाही वाटला?" त्याचा चेहरा रडवेला झाला. त्याने गळ्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. नंतर खोलीत कोण कोण आहे ते बघितलं आणि खरोखरच बोलायला तोंड उघडलं.

"बाळा!" बाहेरून हाक आली. निर्मातीबाई. हिरोची आई. "किती वेळा सांगितलं, घसा बसलाय, बोलायचं नाही."

पोराने तोंड मिटलं. बाई आत आल्या, त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "मला किती वाईट वाटतंय म्हणून सांगू! माझ्या मुलीसारखी आहे ती." त्यांचे डोळे खरंच ओले होते. मी माझे हात सोडवून घेतले. ज्या मुलीला आपण काढून टाकतो तिला मुलीसारखी म्हणण्याची ही रीत मला कधी समजली नाही.

संध्याकाळी टिटवीला वेणीचं कडवं ऐकवलं. ती पहिल्या ओळीलाच उठून बसली.

"आत्या, ही आपलं गाणं इतकं खाली का म्हणतेय?"

४

"खाली म्हणजे?" मी विचारलं. "नीट, मला कळेल असं सांग. मी दगड आहे असं समज."

टिटवी मला ओढत बाहेर जिन्यापाशी घेऊन गेली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या अंगात जीव आलेला दिसला. तिने मला तळाच्या पायरीवर उभं केलं आणि स्वतः दोन पायऱ्या वर उभी राहिली.

"आता दोघी एकदम चढायचं. तू एक पाऊल, मी एक पाऊल."

आम्ही चढलो. शेजारच्या आजोबांनी दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि दार लावून घेतलं.

"तू कुठे चुकलीस?" तिने वरून विचारलं. "नाही. मी चुकले? नाही. पण आपण दोघी एका पायरीवर एकदाही आलो का? पट्टी बदलली की असं होतं. गाणं तेच असतं, फक्त सुरुवातीची पायरी वेगळी. वेणी खालच्या पायरीपासून गातेय. इतकं खाली माझा आवाज लागतच नाही, नुसती हवा येते."

मी जिन्यातच बसले. नेटकी बेसूर. सारख्याच मापाने वर.

"टिटवे," मी म्हटलं, "रविवारी हॉलमध्ये संगीत खालच्या पायरीपासून वाजत होतं. आणि तुझ्या कानात वरच्या."

"पण हिरो? मी त्याला ऐकलं ना! तो वरच..." तिचे डोळे मोठे झाले. "मी रेकॉर्डमधला हिरो ऐकला. गेल्या वर्षीचा."

"शेवटचं त्याला बोलताना कधी ऐकलंस?"

ती आठवत राहिली. दोन-तीन आठवडे मफलर, थर्मास आणि खुणा. घसा बसलाय, घसा बसलाय. अहो, घसा बसलेला नव्हताच! सतरा वर्षांच्या पोराचा आवाज फुटला होता. जगात दर मुलाचा फुटतो तसा, फक्त जरा उशिरा. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण त्याच्या त्या कोवळ्या आवाजावर अख्खी मालिका उभी होती. म्हणून गाणं खाली आणलं. खालच्या पट्टीत टिटवी बसेना. मग दोघांतलं कोणाला काढायचं, हा प्रश्न त्या शहाण्यांना क्षणभरही पडलेला दिसत नव्हता.

मुलाचा आवाज फुटला आणि गळा मुलीचा कापला.

"हे मास्तरांनी केलं?" टिटवीने हळूच विचारलं. मास्तरांनीच तिला पहिल्यांदा गायला शिकवलं होतं. "की बाईंनी? कानातलं गाणं बाईंनी बदललं असेल तर? मास्तर असं नाही करणार ग."

ते मलाही ठरवायचं होतं. आगीच्या जागी गेले की काय जळलं, हे मी नंतर बघते. आधी बघते, काय जळलं नाही. मालक बाहेर काढून ठेवतो ती वस्तूच त्याला पकडून देते. मी तो हलकट तुकडा पुन्हा लावला. यावेळी टिटवीकडे लक्ष दिलं नाही. त्यात काय नाही आणि काय ठेवलंय, तेवढंच ऐकलं.

मग मी कानसेनला फोन केला. "उद्या नव्याने गाणं करायच्या आधी मला एक गोष्ट वाजवून द्याल? नोकरीवर येईल कदाचित."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"काय वाजवू, ताई?" त्याने विचारलं.

५

शुक्रवारी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत सगळे होते. काचेपलीकडे कानसेन. अलीकडे मास्तर, बाई, वेणी, मफलरातला हिरो. मी टिटवीचा हात धरून आत शिरले तेव्हा बाईंची भुवई वर गेली.

"निरोप घ्यायला आलीये," मी म्हटलं. "एकदा जुनं गाणं ऐकू द्या तिला. मग जातो आम्ही."

मास्तर मवाळ माणूस. पांढरी दाढी, हलका आवाज. "ऐकू दे, ऐकू दे," ते म्हणाले. "माझ्याच हाताखाली तयार झालेली पोर आहे."

कानसेनने गेल्या वर्षीची रेकॉर्ड लावली, टिटवीचा आवाज काढलेली. मग त्याने एक कळ वर सरकवली आणि रविवारचा तिचा आवाज, एकटा, त्यावर सोडला.

मला सुरातलं कळत नाही, हे मी सांगितलंच आहे. पण त्या खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा मला कळतो. वेणीचं तोंड उघडं पडलं. हिरोने डोळे मिटून घेतले. जगभर ज्याला लोक हसले तो आवाज त्या गाण्यात जागच्या जागी बसला होता. शेवटी गेल्या वर्षीच्या हिरोने तो वरचा ‘थांब ना’ लावला आणि टिटवीचा आवाज त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"हे रविवारचंच आहे?" वेणीने विचारलं. "त्या तुकड्यातलंच?"

"तेच," मी म्हटलं. "एका अक्षराचा फरक नाही. ती कानातलं ऐकून बिनचूक गात होती. तुम्ही हॉलमध्ये दुसरंच गाणं लावलं होतं."

"हे... हे कानसेनकडून चुकून झालं असेल," बाई म्हणाल्या.

"चुकून होतं तेव्हा माणूस कार्यक्रम थांबवतो. आणि आठवडाभर आधी दुसऱ्या मुलीला खालच्या पट्टीत गाणं बसवून देत नाही." वेणीने मान खाली घातली. "बाई, मला आधी तुमचाच संशय होता. मुलगा तुमचा, पेटीही उघडता येते, कापाकापीही येते. पण तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?"

"मला? काहीच नाही," बाई पटकन म्हणाल्या.

"माझ्यासारखंच. आता सांगा, तुम्हाला एखाद्या मुलीचं हसं करायचं असेल, तर तुम्ही काय कराल? वाद्यं काढून टाकून तिचा उघडा आवाज बाहेर सोडाल. उघड्या आवाजाइतकं केविलवाणं काही नसतं, असं आपल्यासारख्यांना वाटतं. मीही तेच केलं असतं. पण ज्याने हा तुकडा कापला, त्याने हिरोचा आवाज काढला, कारण तो फुटलाय हे कळलं असतं. आणि वाद्यं मात्र राहू दिली. का? कारण वाद्यांशिवाय ही पोरगी निर्दोष आहे, हे त्याला ठाऊक होतं. उघडा आवाज ऐकून कोणीही घरी जुन्या गाण्याला लावून बघितला असता, तर सगळं बाहेर आलं असतं. हे कळायला कान लागतो. कानसेनला कान आहे, पण ‘पोरगी सारख्या मापाने वर होती’ हे मला त्याने आपणहून सांगितलं. ज्याने लपवायचं तो असं दाखवून देत नाही. उरलं कोण, मास्तर?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. टिटवी त्यांच्याकडे बघत होती. अजूनही ते ‘नाही’ म्हणतील, अशी तिची आशा होती. ती आशा बघून मला त्या माणसाचा संताप आला.

"गाणं माझं आहे," ते अखेर म्हणाले. "आयुष्यात एकच असं जमलं. मुलाचा आवाज गेला, गाणं खाली आणावं लागलं. खाली हिचा गळा चालत नाही. हिला काढली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं. कारण सांगितलं असतं तर मुलाचं बिंग फुटलं असतं. मग कारण... तयार करावं लागलं."

"तिला सांगायचं होतं!" मी ओरडले. "समोर बसवून सांगायचं, बाळ, पट्टी बदलली, आता हे तुझ्या गळ्यात बसत नाही. रडली असती चार दिवस. पण लोकांपुढे उभी करून, तिचे कान बंद करून, तिच्यावर हसायला लावलंत! तुमच्यावर विश्वास ठेवून तुम्ही दिलं ते तिने कानात घातलं हो!"

मग बाई म्हणाल्या, "मला हे माहीत नव्हतं. मी फक्त म्हटलं होतं, मुलीचं काहीतरी करा."

"आणि काय केलं ते विचारलं नाहीत. न विचारणं म्हणजे माहीत नसणं नव्हे, बाई. आमच्या कंपनीत असल्या मालकाला एक पैसा देत नाहीत."

टिटवी मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली. "तुम्ही चालू दे म्हणून खूण केलीत तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, शाबास म्हणताय."

मास्तरांना तिच्याकडे बघवलं नाही. नवीन मुद्रण त्या दिवशी झालं नाही.

६

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांचं निवेदन आलं. ‘तांत्रिक बिघाडामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.’ तांत्रिक बिघाड! पट्टी बदलणारा हात, खूण करणारा हात, तुकडा कापणारा हात, आणि ह्या सगळ्याला नाव काय, तर बिघाड. जणू काही कुठली तार आपोआप सुटली. मी वहिनीच्या स्वयंपाकघरात येरझारा घालत त्या निवेदनाला जी नावं ठेवली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

कानसेनने मला रविवारचं अख्खं मुद्रण दिलं होतं. त्यात हिरोचा फुटका आवाजही होता. दुसऱ्या कडव्यात तो असा चिरकला होता की मलासुद्धा कळलं.

"हे जाऊ दे बाहेर," मी म्हटलं. "सगळ्यांना कळू दे काय लपवलं ते." माझं बोट बटणावर होतं.

टिटवीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "नको. लोक त्याला हसतील."

"हसू देत! तुला हसले तेव्हा तो कुठे होता?"

"आत्या, ते कसं असतं ते मला माहीत आहे. तुला नाही."

तिने काय केलं, तर फक्त आपला रविवारचा आवाज जुन्या रेकॉर्डवर ठेवला, आणि खाली लिहिलं, ‘माझ्या कानात हे होतं. हॉलमध्ये संगीत दुसऱ्या पट्टीत वाजत होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं.’ हिरोबद्दल एक अक्षर नाही, मास्तरांना एक शिवी नाही. मला तर ते फारच मिळमिळीत वाटलं. पण दुपारपर्यंत गाणाऱ्या लोकांनी ते लावून बघितलं, जुना तुकडा शेजारी ठेवला, आणि जे ज्याला कळायचं ते कळलं. सोमवारी ऑफिसात त्या चौघांना मी ते पूर्ण आवाजात ऐकवलं आणि संपेपर्यंत कोणालाही उठू दिलं नाही.

संध्याकाळी दादाच्या घरी होते तेव्हा बेल वाजली. दार उघडायच्या आधी मी विचारलं, "कोण आहे?"

"मी." आवाज जाडाभरडा, बाप्यासारखा. मला ओळखू येईना. "टिटवी आहे का?"

दारात हिरो उभा होता. मफलर नव्हता. ‘टिटवी’ म्हणताना आवाज मध्येच चिरकला आणि तो कानापर्यंत लाल झाला, पण बोलायचा थांबला नाही. "मला सांगितलं होतं, तिला पट्टी बदलल्याचं सांगितलंय म्हणून. नंतर कळलं तेव्हा बोलायला हवं होतं मी. घाबरलो. आता आईला सांगून आलोय, मी स्वतः सगळ्यांसमोर बोलणार. माझ्या ह्याच आवाजात."

फार उशीर केलास, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. मी दार अर्धंच उघडलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात कमरेवर हात ठेवून उभी होते. त्याला आत घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

मागून टिटवी आली. तो मान खाली घालून उभा होता.

"परत बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. नवीन आवाज ऐकू दे."

तो काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा चिरकला. टिटवीला हसू आलं. त्या सगळ्या आठवड्यात तिच्या तोंडून निघालेलं ते पहिलं हसू. तिने माझ्या दंडाला धरून मला बाजूला ढकललं.

"सरक ना आत्या," ती म्हणाली. "अर्धं त्याचं आहे."